गणितानंद कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरसाल एखाद्या थोर पुरुषाचा चरित्रपरिचय देण्याचा परिपाठ आहे. यंदा संपादक मंडळाने हे काम आमच्याकडे सोपविले आणि आमची सारी हयात पाटी, फळा व पाढे यांच्या सहवासात गेली असल्यामुळे एखादा गणिती निवडावा, असे सुचविले. गणिती म्हटला की कोणाच्याही तोंडी प्रथम श्रीनिवास रामानुजन यांचे नाव येते, व ते योग्यच आहे. परंतु रामानुजन यांची चरित्रे उदंड आहेत. आम्ही ज्यांचा परिचय येथे करून देणार आहो, ते कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे मराठी मुलखातले, पुण्यात शिकलेले आणि आयुष्यभर शाळामास्तर राहिलेले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. तरीही संख्यांविषयीच्या ग्रंथांत आज त्यांचे आडनाव जगभर छापले जाते. ते कोणत्या ज्ञातीचे, याची चौकशी आम्ही केली नाही व संपादक मंडळानेही केली नाही, ही गोष्ट आम्हांस फार आवडली.

आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. कापरेकरांचा विषय संख्यासिद्धान्त. जन्मतारखेची बेरीज करून भाग्य सांगणारे जे अंकशास्त्र, त्याच्याशी याचा काडीमात्र संबंध नाही. १, २, ३ अशा पूर्ण संख्यांच्या अंगचे गुणधर्म शोधणारी ही गणिताची अतिप्राचीन शाखा होय. तिच्यातील प्रश्न पुष्कळदा चौथीच्या मुलासही समजतात; उत्तर सापडावयास मात्र कधी कधी शतके लोटतात.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते; २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. आठव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले व वडिलांनी त्यांस वाढविले. वडील कारकुनी करीत आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. वर ज्योतिषाविषयी आम्ही थोडे कठोर लिहिले खरे, पण येथे त्या विद्येचे उपकार मान्य केले पाहिजेत. कुंडली मांडावयाची म्हणजे अंश, कला, विकला यांचे हिशेब आले. पोराच्या कानांवर भविष्यापेक्षा हे आकडेच अधिक पडले असावेत, कारण पुढे त्याच्या हाती राहिली ती आकडेमोड. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आटोपून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले.

त्या काळचे फर्ग्युसन म्हणजे गणिताची वाडीच होती. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम येऊन सीनियर रँग्लर हा बहुमान मिळविला. तो मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. परतल्यावर मोठ्या पगाराच्या सरकारी चाकरीकडे पाठ फिरवून त्यांनी फर्ग्युसनच्या प्राचार्यपदाची धुरा अनेक वर्षे वाहिली. त्यांच्या नावाचे एक गणित पारितोषिक होते. पाठ केलेल्या प्रमेयांवर नव्हे, तर विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या कामावर ते दिले जाई. १९२७ साली हे रँग्लर परांजपे पारितोषिक कापरेकरांस मिळाले. वरवर ही लहान गोष्ट दिसते, पण आमच्या मते त्यांच्या चरित्राची किल्ली येथेच आहे. परीक्षेतला पहिला नंबर आणि स्वतंत्र विचाराचे बक्षीस या दोन निराळ्या वस्तू होत. बावीस वर्षांच्या मुलास एकदा कळले की आपल्या डोक्यातून निघालेल्या गणितालाही मोल आहे, म्हणजे पुढे कोणी मोल केले नाही तरी तो थांबत नाही. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुण्यास स्वतंत्र विद्यापीठ होण्यास अजून वीस वर्षांचा अवकाश होता.

१९३० साली नाशिकजवळच्या देवळाली येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ती सोडली नाही. लष्करी छावणी आणि कोरड्या हवेची आरोग्यधामे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावी ना मोठे ग्रंथालय, ना बरोबरीने बोलावयास दुसरा गणिती. वर्ग संपला की सायकलीवरून शिकवण्यांना जावे, सवड मिळेल तेव्हा नदीकाठी बसून संख्यांशी खेळावे, असा त्यांचा क्रम होता. कागद, पेन्सिल व वेळ एवढेच भांडवल. त्यातही वेळ कसाबसा काढलेला; वर्गाच्या वह्या तपासणाऱ्या माणसाकडे तो किती उरतो, हे आमच्या शिक्षक वाचकांस सांगावयास नको.

त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाची गोष्ट आता सांगू. वाचकांनी कागद घेऊन आमच्याबरोबर ती करून पाहावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक एकच नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करा आणि वजाबाकी घ्या. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ चे अंक मांडले की ९५१० मधून ०१५९ वजा जाऊन ९३५१ येतात. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया केली तर पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. येथून सुटका नाही. कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही याच संख्येपाशी येता. त्यांच्या जन्मवर्षास बरोबर सातच पायऱ्या लागतात, ही मौज आम्ही हिशेब करीत असताना आमच्या ध्यानी आली.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला व १९५५ साली अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. जगात ६१७४ ला आता कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांचा असाच मुक्काम ४९५ आहे. दोन अंकी संख्यांना मात्र मुक्कामच नाही. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा रिंगणात फिरत राहतात.

या संख्येभोवती अलीकडे गूढतेचे फार धुके पसरविले जाते. त्यात जादू नाही, आणि नाही म्हणूनच ती सुंदर आहे. अंकांच्या अदलाबदलीने झालेल्या दोन संख्यांची वजाबाकी नेहमी ९ ने भागली जाते, हे जुन्या मास्तरांच्या ताळ्यातले तत्त्व. शिवाय उत्तर काय येणार हे चार अंकांवर अवलंबून नसते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातील अंतर आणि मधल्या दोन अंकांतील अंतर, एवढ्या दोहोंवर ते ठरते. पहिल्याची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट मिळविली की वजाबाकी तयार. अशा अंतरांच्या जोड्या अवघ्या ५४. म्हणजे हजारो संख्यांचा पसारा ५४ ओळींच्या एका तक्त्यात मावतो, आणि तो तक्ता सातवीतला मुलगा एका रविवारी पुरा करू शकतो. आम्ही नोकरीत असताना पाऊस पडून मैदानाचा तास बुडाला की वर्गास हेच काम देत असू. ज्या मुलांना वजाबाकीतील हातचा म्हटले की पोटात गोळा येई, ती मुलेही एरवी महिन्यात करणार नाहीत इतक्या वजाबाक्या त्या एका तासात करीत. कारण आपली संख्या ६१७४ ला चुकविते काय, हे प्रत्येकास पाहावयाचे असे.

त्यांचे नाव धारण करणाऱ्या संख्यांचा आणखी एक वर्ग आहे. ४५ चा वर्ग २०२५; त्याचे दोन तुकडे करून २० आणि २५ मिळविले की पुन्हा ४५. तसेच ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. यांस कापरेकर संख्या म्हणतात. ही नुसती गंमत नव्हे, हे थोडे खोल पाहिले म्हणजे कळते. ४५ ला त्याच्या मागील ४४ ने गुणले की १९८० येतात, म्हणजे ९९ ची नेमकी २० पट. २९७ ला २९६ ने गुणले की ९९९ ची ८८ पट. सर्वत्र हेच आहे. तेव्हा अशा संख्या शोधणे म्हणजे ९९, ९९९, ९९९९ यांचे विभाजक शोधणे होय. डग्लस इआनुची या गणितज्ञाने २००० साली हा संबंध पूर्णत्वाने सिद्ध केला.

संख्यांना नावे देण्यात कापरेकर मोठे रसिक होते. ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणारी. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीही हर्षदच. तिची अंकबेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. मास्तरांचे जन्मवर्ष १९०५ व निवृत्तीवर्ष १९६२ ही दोन्हीही हर्षद आहेत. पहिल्यास १५ ने, दुसऱ्यास १८ ने भाग जातो. ६१७४ ला तर १८ ने भागले की ३४३, म्हणजे सातचा घन मिळतो. १, १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्या म्हणजे १, ११, १११ यांचे वर्ग. त्या कुळातील संख्यांस त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनावर ही कल्पना सुचली त्याचे ते नाव. याविषयीचे टिपण १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या हिंदी गणितज्ञांच्या नियतकालिकात आले. आवर्ती दशांश अपूर्णांक आणि जादूचे चौरस हेही त्यांचे आवडते विषय होते, पण त्यांत येथे शिरत नाही.

स्वयंभू संख्यांविषयी मात्र लिहिलेच पाहिजे, कारण आमच्या मते हा त्यांचा सर्वांत खोल विचार आहे. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळविले की २१ होतात. म्हणजे १५ हा जनक आणि २१ हे अपत्य. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही होते आणि १०० पासूनही. मग जिला जनकच नाही अशी संख्या असेल काय? आहे. २० घ्या. १४ पासून १९ होतात, १५ पासून एकदम २१. मधली २० कोणापासूनच निघत नाही. ती स्वयंभू. १०० च्या आत अशा संख्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ एवढ्या तेरा आहेत. २० पासून पुढे ११ मिळवीत जावे असा नियम पाहणाऱ्यास दिसतो. १०८ पर्यंत तो चालतोही, आणि लगेच ११० येऊन त्याचा बोजवारा उडतो. १९६३ साली, म्हणजे निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी, कापरेकरांनी या विषयावर देवळालीहून स्वखर्चाने पुस्तिका छापली. या संख्यांना देवळालीचे नाव मिळावे, अशी त्यांची आवड होती. जगात मात्र स्वयंभू या अर्थाचा इंग्रजी शब्दच अधिक रूढ झाला, आणि पुढे दुसऱ्या कोणी त्यांस कोलंबियाचेही नाव दिले. १९८२ साली उम्बेर्तो झानिएर या इटालियन गणितज्ञाने त्यांच्या विरळपणाचा नेमका हिशेब सिद्ध केला. कितीही पुढे गेले तरी त्या साधारणपणे दहांत एक या प्रमाणाच्या किंचित खालीच राहतात.

इतके सारे असता कापरेकरांची हयातीत उपेक्षा का झाली? आपल्याकडील अनेक गणितज्ञ त्यांच्या टिपणांस पोरखेळ म्हणून हसत. परिषदांतून हा शाळामास्तर उभा राहिला की कित्येकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटे. एवढ्यावरून त्या सर्वांस दुष्ट ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या आक्षेपात अर्थ होता. कापरेकरांचे बहुतेक गुणधर्म संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहेत. हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पायावर मोजतो. आठ बोटे असती आणि आठाच्या पायावर मोजले असते, तर ६१७४ चे हे वैशिष्ट्य राहिले नसते. मूळ संख्येचे मूळपण मात्र कोणत्याही लिपीत टिकते. रामानुजन यांस केंब्रिजला नेणारे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या छोट्या पुस्तकात ८७१२ व ९८०१ ही दोन उदाहरणे घेऊन नेमकी हीच रेघ ओढली होती. १०८९ ची नऊपट केली की अंक उलटून ९८०१ होतात, २१७८ ची चौपट केली की ८७१२. अशा गोष्टी वर्तमानपत्रातील कोड्यांना शोभतात, गणितास नव्हे, असा त्यांचा अभिप्राय. कापरेकर १९५३ साली अंकांच्या उलटापालटीवरच लेख प्रसिद्ध करीत होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आम्ही कापरेकरांस रामानुजन यांच्या पंक्तीस बसवीत नाही. आपल्या माणसाविषयी लिहिताना अशी अतिशयोक्ती करण्याची खोड स्मरणिकांना असते, व ती त्या माणसासच लहान करते. कापरेकरांनी मोठी प्रमेये सिद्ध केली नाहीत. अनेक सिद्धता पुढे इतरांनी दिल्या. पण जो प्रश्न कोणास दिसलाच नव्हता तो त्यांना दिसला. आणि हार्डींची रेघही काळाने पुसट केली. कूपर व केनेडी या दोन गणितज्ञांनी १९९३ साली असे सिद्ध केले की ओळीने २१ हर्षद संख्या कोठेच सापडणार नाहीत, ओळीने २० मात्र अनंत ठिकाणी सापडतील. आणि अशी पहिली वीस जणांची रांग शोधू गेल्यास संख्येस कोट्यवधी अंक लागतात. हा निष्कर्ष पोरखेळ म्हणवेल काय? देवळालीच्या मास्तरांनी हर्ष देणारी म्हणून जिचे बारसे केले, तिच्या मागे एवढे अरण्य दडले होते.

लौकिक आला तो परदेशातून आणि उशिरा. अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणितरंजनाचे सदर जगभर वाचले जाई. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकर व त्यांच्या स्वयंभू संख्या यांचा परिचय करून दिला. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर देशोदेशींच्या गणितप्रेमींत त्यांचे नाव झाले आणि ज्या नावास आपल्याकडे हसत, ते आपल्याकडेही आदराने घेतले जाऊ लागले. आधी साता समुद्रांपलीकडचे प्रमाणपत्र यावे आणि मग आपण हार घेऊन धावावे, ही आपली रीत जुनीच आहे.

ऐहिक स्थिती त्याने पालटली नाही. राहणी अत्यंत साधी असूनही १९६६ साली पत्नी वारल्यानंतर निवृत्तिवेतनात त्यांचे भागेना. गणित आणि विज्ञान यांच्या शिकवण्या करून ते चरितार्थ चालवीत व उरलेल्या वेळात संख्यांकडे वळत. १९७३ साली कोपर्निकसची पाचशेवी जयंती जगभर साजरी झाली, त्या निमित्ताने त्याच्या नावे जादूचा चौरसही त्यांनी रचला. गणितानंद हे टोपण नाव लोकांत त्यांस मिळाले होते, आणि ज्यास पैसा, पद, शिष्यशाखा यांपैकी काही लाभले नाही त्याच्या बाबतीत त्या नावातील आनंद हा शब्द शब्दशः खरा मानावा लागतो. १९८६ साली ते निवर्तले.

शेवटी एक विनंती. कापरेकरांचे पुष्कळसे लेखन मोठ्या प्रकाशकांकडून नव्हे, तर त्यांनी स्वतः छापलेल्या पातळ पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येकांची मुळे नाशिक, देवळाली, भगूर या बाजूस आहेत, आणि त्यांचे वडील वा आजोबा कदाचित मास्तरांच्या हाताखाली शिकलेही असतील. माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात अशी एखादी पुस्तिका निघाल्यास ती रद्दीवाल्यास देऊ नये. पुण्यातील किंवा नाशिकमधील एखाद्या चांगल्या ग्रंथालयात पोहोचती करावी. पाने सुटी झाली असतील तर शिवून घ्यावीत, त्यांस चिकटपट्टी लावू नये.